नावाड्याचा होकार

“कोण आहे पलीकडं? या, या, नाव सुटतेय...”

बाबांची ही हाक मला दोनदा ऐकू यायची. आधी भिंतीतून, मग कानातून. पलीकडच्या खोलीत ते माइकसमोर बसून हाक घालायचे. ती भिंत ओलांडून कच्ची, खरखरीत, चहाच्या घोटासकट माझ्यापर्यंत यायची. मग तीच हाक कुठल्या कुठल्या तारांतून फिरून श्वासभर उशिरानं माझ्या हेडफोनमध्ये उतरायची, हातपाय धुऊन आल्यासारखी. एक बाप घरातला, एक बाप बेटावरचा. दोघांच्या मधल्या त्या श्वासात मी उगाच हसत बसायचे.

बेट म्हणजे एक गेम. तसा तो गेम पुष्कळ लोक पुष्कळ ठिकाणी खेळतात. पण आमचा सर्व्हर आमचा होता. एका माणसाच्या घरात, कपड्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या संगणकावर एक अख्खं जग चालायचं आणि आम्ही गावोगावचे लोक आपापल्या खोलीतून त्यात जाऊन राहायचो. त्या जगाला आम्ही बेट म्हणायचो. ज्याच्या घरात तो संगणक होता त्याला मुकादम म्हणायचो. खऱ्या आयुष्यात तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

बेटाच्या मधून खाडी गेली होती. अल्याड लाकूड, कोळसा, मेंढ्या. पल्याड मीठ, चुना, रंगाची माती. ज्याला घर बांधायचं त्याला दोन्हीकडचं हवं. सुरुवातीला लोक पोहून जायचे. पाठीवर ओझं असलं की माणूस मधोमध बुडायचा. बुडाला की पुन्हा आपल्या अंथरुणात जागा व्हायचा, पण रिकाम्या हातानं. किती लोकरीची गाठोडी त्या खाडीच्या तळाशी असतील, देव जाणे.

मग मी एक नाव बांधली. बांधली आणि माझी परीक्षा आली. बाबांचा खोक्यांचा कारखाना त्याच सुमारास बंद पडला होता. पुठ्ठा कापायच्या मशीनवर त्यांची उमर गेली होती. आता ते दिवसभर घरातली कपाटं उघडून पुन्हा लावायचे.

“बाबा, नुसतं बसायचं,” मी म्हटलं. “कुणी आलं की पलीकडं सोडायचं. दोनच बटणं आहेत.”

“मला फोनवरून फोटो पाठवता येत नाही आणि तू नाव देतेस हातात.”

“परीक्षा होईपर्यंतच.”

“बुडवली तर?”

“खोटी आहे ती, बाबा.”

“खोटी का होईना, माणसं खरी आहेत ना त्यात?”

परीक्षा झाली, निकाल लागला, मी चष्म्याच्या काचा घासायच्या दुकानात कामाला लागले. बाबा नावेतून उतरले नाहीत.

मशीनच्या खडखडाटावर मात करून करून त्यांचा आवाज असा झाला होता की साधं ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारचे मीठ घेऊन यायचे. हे माझं नाही, आत्याचं म्हणणं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. बाबा तिला अक्का म्हणतात आणि तिच्या बोलण्याला घाबरतात. ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, “घरातला नळ महिनाभर गळतोय. हा तिथं परक्यांना पाणी ओलांडून देतोय.”

बाबा माइकवर हात ठेवून म्हणायचे, “अक्का, हळू. प्रवासी ऐकतात.”

“ऐकू देत. त्यांच्यात कुणी नळवाला असेल तर विचार.”

एकदा खरंच एक नळवाला निघाला. त्यानं नाव पार होईपर्यंत वायसर कसा बदलायचा ते बाबांना सांगितलं, आणि नळ थांबला. आत्याला ते फार आवडलं नाही. तिचं टोमण्याचं साधन गेलं.

भाडं म्हणून बाबा काय वाट्टेल ते घ्यायचे. ज्याच्याजवळ जे नकोसं असेल ते. मोडका बाण, गाजर, एक काळं पीस. धक्क्यावरची त्यांची झोपडी असल्या वस्तूंनी गच्च भरली होती आणि कुणाला काही अडलं की तिथंच सापडायचं. बेटावरचा बाजारही असाच आपोआप जमला. कुणी ठरवून भरवला नाही. नाव पलीकडं गेली की अलीकडच्यांना थांबावं लागायचं. थांबलं की बोलणं व्हायचं. बोलता बोलता एकाच्या गाठोड्यातलं दुसऱ्याला दिसायचं. तुझा चुना दे, माझी लोकर घे. मग कुणी तिथं चूल मांडली, कुणी छप्पर घातलं, कुणी दिवे लावायला घेतले. थांबण्यातून गाव उगवलं. पाणवठ्याला गवत येतं तसं.

मिठाची मावशी पल्याडची. ती खऱ्या आयुष्यात काय करायची ते कधी कळलं नाही. एवढंच कळायचं की तिच्या घरात एक पोपट आहे आणि तो शिव्या देतो. तिनं समुद्राकाठी मिठागरं आखली होती. एकेक वाफा हातानं खणलेला. मीठ व्हायला गेममधलं ऊन पुष्कळ लागायचं, त्यामुळं मीठ मौल्यवान होतं आणि मावशीचा तोरा त्याहून मौल्यवान. नाव चुकली की ती चॅटमध्ये ओळी रचून पाठवायची:

नावाड्या दादा, तुझी नाव कुठं गेली,
पल्याड मीठ माझं, अल्याड मी राहिली.

आणि धक्क्यावरचा कुणीतरी लगेच उत्तर द्यायचा:

मिठाच्या बाई, जरा दमानं घ्या की,
नाव गेली वळणाला, येतेय ती बाकी.

यमक जुळलं नाही की सगळे मिळून छी-थू करायचे. जुळलं की नाव येईपर्यंत ओळीला ओळ लागत जायची. मला अजून वाटतं, निम्मे लोक त्या ओळींसाठीच नाव चुकवायचे.

बेटाचा कायदा एकच होता आणि तो मावशीमुळंच झाला. अगदी सुरुवातीला दोघा हुशार पोरांनी एक यंत्र बसवलं. पाणी आपोआप आत यायचं, मीठ आपोआप बाहेर पडायचं. बाजार मिठानं भरून गेला. मावशी यायचीच थांबली. तिचे वाफे तसेच कोरडे पडून राहिले. मग मुकादमानं यंत्र काढलं, तिला शोधून, समजावून परत आणलं, आणि धक्क्यावर लाकडाची पाटी लावली: ज्याचं काम, त्याचा होकार. म्हणजे ज्या बदलानं कुणाच्या हातचं काम जाणार असेल, तो बदल करायचा तर आधी त्या माणसाला विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. कारण विचारायचं नाही.

बाहेरच्यांना हे वेड वाटायचं. दिवेवाल्या आजोबांनी आपोआप पेटणाऱ्या दिव्यांना नाही म्हटलं आणि संध्याकाळ झाली की ते काठी घेऊन एकेक दिवा लावत फिरायचे. आम्ही अंधारात ठेचकाळत त्यांची वाट पाहायचो. पण कुणी कुरकुर केली नाही. आपल्या कामाची पाळी आली की आपल्यालाही कुणीतरी विचारेल, याची ती खातरी होती.

मग बाबांच्या गळ्यात गाठ निघाली.

शस्त्रक्रियेला ते गेले तेव्हा नाव मी चालवली. दुकानातून आले की हेडफोन चढवायचे. पण लोकांना मी नको होते. मी असतानाही ते धक्क्यावर बसून राहायचे. “काका कधी येणार?” विचारायचे. काहीजण तर पार व्हायचंच नाकारायचे. गाठोडी घेऊन तिथंच झोपायचे. मी दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसून हे सगळं त्यांना सांगायचे. मला वाटायचं, त्यांना बरं वाटेल. ते छताकडं बघत ऐकायचे. बोलता तर येत नव्हतंच.

गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे. सगळे शब्द एकाच सुरात बाहेर पडतात. राग, थट्टा, माया, सगळं एकाच मापाचं.

“मिक्सर बोलतोय असं वाटतं,” पहिल्या दिवशी आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली.

“मिक्सर बरा,” बाबा त्या सुरात म्हणाले. “त्याला निदान वास तरी चांगला येतो.”

घरात ते यंत्रावर बोलायचे, पण बेटावर नाही. तिथं ते टाईप करायला शिकले, एका बोटानं. परतल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: “आवाज विकला. गिऱ्हाईक चांगलं होतं.”

मग नाव निघायच्या वेळेला कुणीतरी माइक सुरू केला आणि बाबांची हाक घातली. कोण आहे पलीकडं, या, या. कच्चा, लाजरा आवाज होता, बहुधा दिवेवाल्या आजोबांचा. पुढच्या खेपेला मावशीनं घातली, मागून पोपट ओरडला. मग ती रीतच पडली. नावेत जो पहिला चढेल त्यानं हाक घालायची. बाबा वल्हं मारायचे, आवाज लोक द्यायचे. मी दाराआडून बघायचे. बाबांचे ओठ प्रत्येक हाकेबरोबर हलायचे.

त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं. कारखाना नव्हता, आवाज नव्हता, जेवणातलं निम्मं गिळता येत नव्हतं. पण खाडीच्या काठावर अजून त्यांची वाट बघितली जायची.

आणि एका दुपारी, दुकानात मी काचेची कड घासत असताना, फोनवर बेटाची सूचना आली. मुकादमानं लिहिलं होतं: “अल्याड-पल्याड दोन दरवाजे बसवायचे म्हणतो. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. नवीन लोक टिकत नाहीत, त्यांना थांबायला नको असतं. रीतीप्रमाणं नावाडी काकांचा होकार हवा.”

मी मनात म्हटलं, हा वेडा आहे. काका नाही म्हणणार, झालं.

खाली लगेच बाबांचं उत्तर होतं: “माझी हरकत नाही. करा.”

हातातल्या काचेच्या कडेचा टवका उडाला. मालकीणबाईंनी नवीन काच पुढं सरकवली.

घरी येऊन मी चपलाही काढल्या नाहीत. “बाबा, तुम्ही हो म्हणालात?”

त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. “लोकांना उशीर होतो.”

“व्हायचाच. इतकी वर्षं झालाच की.”

“म्हणून तर.”

“तुम्ही काय करणार मग? दिवसभर?”

“नळ बघेन.”

थट्टा होती की उत्तर, ते त्या सुरात कळायला मार्ग नव्हता. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. ते ठेवलं की बोलणं संपलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दरवाजे बसले, आणि पहिले काही दिवस जत्रेसारखे गेले. लोक नुसते ये-जा करत होते. आत शिरायचं, बाहेर पडायचं, हसायचं. मग हळूहळू एकेक गोष्ट सैल होऊ लागली. मीठ अल्याड घरोघर झालं. ज्याला हवं तो पल्याड जाऊन पोतं भरून आणायचा. लाकडाचं तेच, चुन्याचं तेच. खाडी मध्ये होती म्हणून अलीकडच्या वस्तूला पलीकडं किंमत होती. अंतर पुसलं, तशी किंमतही पुसली गेली. ज्याच्या त्याच्या पेटीत सगळं होतं, त्यामुळं कुणाला कुणाकडं जायचं कारण उरलं नाही. धक्क्यावरची चूल विझली. तिथून कुणी जातच नव्हतं, तर छपराखाली बसणार कोण?

बाबा रोज नावेत बसायचे. सकाळचा चहा घेऊन बसायचे, आत्या जेवायला हाक मारेपर्यंत बसायचे. पडद्यावर खाडीचं पाणी हलायचं, नाव जागच्या जागी डुलायची. क्वचित एखादं माणूस यायचं, बाबांचं मन राखायला, आणि तेही जाता-येता अवघडून बसलेलं असायचं.

मी काय काय केलं नाही. जुन्या लोकांना निरोप पाठवले. “ताई, खरंय तुमचं, पण दार असताना नाव म्हणजे...” एवढं लिहून ते थांबायचे. मुकादमाला लिहिलं की दरवाजे काढा. तो म्हणाला, “काकांनी होकार दिलाय, मोडता त्यांनीच घालायचा. त्यांनी ‘नको’ एवढं लिहिलं तर लगेच काढतो.” बाबांना म्हटलं, नको लिहा. ते मान हलवायचे. आत्याला म्हटलं, तू सांग त्यांना.

“मी विचारून झालं,” आत्या म्हणाली. “माझ्याशी तो यंत्र हातात असूनही मुका आहे.”

मावशी गेली त्या दिवशी तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त चॅटमध्ये दोन ओळी होत्या:

दार उघडलं बाई, पाऊल मी टाकलं,
वाटेवरचं गाणं माझं वाटेतच राहिलं.

त्याच्या खाली काहीच नव्हतं. उत्तराची ओळ द्यायला कुणी हजर नव्हतं, आणि मला यमक सुचलं नाही.

मग मी शेवटचं म्हणून एक बाजार भरवायचं ठरवलं. रविवारी दुपारी, धक्क्यावर, जुन्या पद्धतीनं. दरवाज्यानं यायचं नाही, नावेनं यायचं. ज्याच्याजवळ जे असेल ते आणायचं. आठवडाभर मी एकेकाला विनवण्या करत होते. मावशीचा पत्ता काढला, ती यायला तयार झाली. दिवेवाले आजोबा म्हणाले, दिवसा दिवे लावतो हवं तर. बाबांना मी काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्यांनी नाव धुऊन काढली. गेममध्ये नाव धुता येत नाही. तरी बादलीनं पाणी ओतल्यासारखं करत त्यांनी ती दोनदा इकडून तिकडं फिरवली, एवढं मी पाहिलं.

रविवारी बाबा आपला संगणक उचलून माझ्या खोलीत येऊन बसले, आणि आत्याही खुर्ची घेऊन आमच्या मागं बसली. “बघू तरी,” म्हणाली, “कोण कोण नाव काढतं ते.”

लोक आले. अगदीच आले नाहीत असं नाही. जुने थोडे नावेनं आले आणि नवे पुष्कळसे दरवाज्यानं येऊन धक्क्यावर उभे राहिले, कारण नावेनं यायचं म्हणजे कसं यायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“हे काय आहे?” एका नव्यानं विचारलं.

“नाव,” बाबांनी एका बोटानं लिहिलं.

“कशासाठी?”

मी घाईनं लिहिलं, “बसून बघ, मजा येते.” तो बसला. खाडीच्या मध्यावर त्यानं पाण्यात उडी मारली, हसला, आणि पोहत जाऊन दरवाज्यानं घरी गेला.

मावशीनं मीठ मांडलं होतं. स्वच्छ, पांढरं, हातच्या वाफ्यातलं. तिच्यासमोर एक पोरगी उभी राहिली. “मीठ आहे माझ्याकडं,” ती म्हणाली. उद्धटपणानं नाही, उलट दिलगिरीनंच. “पेट्या भरून आहे. तुम्हाला हवंय का?”

“नको गं,” मावशी म्हणाली. “मलाही नको आहे.”

कुणाजवळच असं काही नव्हतं की जे दुसऱ्याजवळ नाही. सगळे आपापलं गाठोडं सोडून बसले होते आणि एकमेकांच्या गाठोड्यात आपलंच सामान बघत होते. दिवेवाल्या आजोबांनी खरंच दिवसाउजेडी दिवे लावले. कुणीतरी जुन्या सवयीनं माइक सुरू केला, “कोण आहे पलीकडं...” म्हणाला, आणि पलीकडं कोणी नसल्यानं पुढचं म्हणायचं राहून गेलं. मग एकाला काम आठवलं, एकाकडं पाहुणे आले, एकाचं बाळ उठलं. मावशीनं मीठ गोळा केलं नाही. ती तशीच निघून गेली. मागून पोपटाचा आवाजसुद्धा आला नाही.

“संपलं?” आत्यानं विचारलं.

“संपलं,” मी म्हटलं.

बाबांनी नाव काठाला लावली, खुर्ची मागं सरकवली आणि आपल्या खोलीत गेले. आत्या चहाचं आधण ठेवायला उठली. जाता जाता तिनं पडद्यावरच्या मिठाकडं बघितलं. “भिजेल की ते,” म्हणाली.

मला कुणावर तरी चिडायचं होतं. मी मुकादमाला फोन लावला. मागं साखळ्यांचा आवाज येत होता. रविवार असूनही तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता.

“तुम्ही त्यांना भरीला पाडलंत,” मी म्हटलं. “लोक टिकत नाहीत, थांबायला नको असतं, असलं काहीबाही सांगून. आजारी माणूस, नाही म्हणायला संकोचला.”

“ताई...”

“तुम्हाला काय, तुम्ही दिवसभर वर-खाली करणारे. तुम्हाला थांबणं म्हणजे बिघाड वाटतो.”

“ताई, ऐका तरी.” साखळीचा आवाज थांबला. “बटण दहादा दाबणारी माणसं मी रोज बघतो. थांबण्याची किंमत मला कळत नाही असं नाही. मी काकांना विचारलंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“दरवाजे करा, असं त्यांनीच मला लिहिलं. उन्हाळ्यात. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ते म्हणाले, तूच सुचवल्यासारखं कर, माझं नाव घेऊ नको, पोरीला वाईट वाटेल. ज्याचं काम तोच म्हणतोय म्हटल्यावर मी काय करणार? आपली रीतच ती, कारण विचारायचं नाही.”

“तरी विचारलं नाहीत?”

“विचारलं, रीत मोडून विचारलं. म्हणाले, लोकांना थांबायला लावणं बरं नाही. तेवढंच.” साखळी पुन्हा एकदा खडखडली. “बेट असं होईल हे त्यांनाही वाटलं नसेल, ताई. मला तर नव्हतंच वाटलं. आता संगणक बंद करू की चालू ठेवू, तेही मला कळत नाही.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात आत्या कपात चहा ओतत होती. बाबांचा कप घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले.

ते पलंगाच्या काठावर बसले होते. दुपारचं ऊन गुडघ्यांवर पडलं होतं. सदरा खांद्यांवर सैल झालेला मला तेव्हा दिसला. तो कधीपासून तसा होता, सांगता येणार नाही. समोर असलेलं माणूस रोज बघितलं की दिसायचं थांबतं.

“मुकादमाशी बोलले,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, जणू हे कधीतरी होणारच होतं. चहा घेतला, एक घोट कसाबसा उतरवला, कप खाली ठेवला.

“तुम्हीच सांगितलंत त्याला. का, बाबा? नाव कुणी मागत नव्हतं तुमच्याकडून. हात दुखत असतील तर वल्ही मी मारली असती. कंटाळा आला असेल तर तसं म्हणायचं. सगळं बेट मोडलं. मावशी गेली. तुम्ही तिथं एकटे बसता, मी दाराआडून बघते रोज, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही.”

यंत्र उशीजवळ होतं. त्यांनी ते उचललं, हनुवटीखाली टेकवलं, पण बटण दाबलं नाही. बाहेर आत्यानं दोन कप विसळले.

“मागच्या वेळी,” त्या सपाट सुरात ते म्हणाले, “तू दवाखान्यात यायचीस. सांगायचीस. लोक धक्क्यावर बसून आहेत. गाठोडी घेऊन झोपलेत. काका कधी येणार विचारतात.”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत होते.”

“माहीत आहे.” त्यांनी बोट बटणावरून काढलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. “मला झोप लागायची नाही. माणसं तिष्ठत ठेवलीत, असं वाटायचं. तरी त्या वेळी मी परत येणार होतो.”

“आलातच की.”

“हो.”

मी पुढं काही विचारू नये असं मला वाटत होतं. तरी तोंडातून गेलंच. “मग आता कशाला घाबरलात? आता कुठं जायचं आहे तुम्हाला?”

त्यांनी माझा हात घेतला. यंत्र दुसऱ्या हातात होतं, ते गळ्यावर नीट बसेना, म्हणून त्यांनी मान थोडी वाकवली.

“गाठ परत आली आहे, बाळ,” ते म्हणाले. “उन्हाळ्यातच कळलं. या वेळी कापता येत नाही म्हणाले.”